ज्याचा त्याचा पार्ट

मोझार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्तो जगाने दीडशे वर्षे ऐकला, तो मोझार्टने लिहिला होता तसा नव्हताच. ऑक्टोबर १७९१ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी, त्याने ही रचना पूर्ण केली ती आंटोन श्टाडलर या व्हिएन्नातल्या वादकासाठी. श्टाडलरचा क्लॅरिनेट नेहमीपेक्षा लांब होता. साध्या वाद्याला जिथे तळ लागतो, त्याच्याही खालचे चार स्वर त्यावर वाजत आणि मोझार्टने ते हौसेने वापरले होते. पण असे वाद्य श्टाडलरखेरीज फारसे कोणाकडे नव्हते. दहा वर्षांनी रचना छापायची वेळ आली, तेव्हा प्रकाशकांपुढे व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. जे वाद्य दुकानात मिळतच नाही, त्याचा पार्ट विकत घेणार कोण? मग कोणीतरी बसून तो पार्ट साध्या क्लॅरिनेटवर बसवला. खोल जाणाऱ्या जागा सप्तकभर वर उचलल्या, काही ठिकाणी स्वरांची उतरण अर्ध्यावरून परत फिरवली. हा ‘कोणीतरी’ कोण, हे आजवर कळलेले नाही. मोझार्टचे हस्तलिखितही हरवले आणि जगाच्या हाती उरली ती या अनामिकाची प्रत.

१८०२ साली लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात या छापील प्रतीचे परीक्षण आले. परीक्षकाला मूळ रचना ठाऊक होती. कोणत्या मात्रांमध्ये काय बदलले आहे, हे त्याने उदाहरणे देऊन दाखवले आणि वर सुचवले, की मूळ स्वर तसेच छापून बदल हवे तर बारीक टायपात द्यायला हवे होते. गंमत अशी, की ते नियतकालिक आणि ती प्रत दोन्ही एकाच प्रकाशकाची. विसाव्या शतकात अभ्यासकांनी मूळ पार्ट पुन्हा उभा करायला घेतला, तेव्हा या परीक्षणाचा मोठा आधार झाला.

त्या अनामिकाने केलेले काम हाच या पुस्तकाचा विषय आहे. त्याने ते वाईट केले होते असे मुळीच नाही. तसे असते तर पिढ्यान्‌पिढ्यांचे कान फसले नसते.

वाद्यवृंदात संचालकापुढे असतो तो स्कोअर. त्यात सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक दिसतात. वादकाच्या स्टँडवर मात्र फक्त त्याची ओळ असते, म्हणजे त्याचा पार्ट. शेजारचा काय वाजवणार, हे त्या कागदावरून कळत नाही. कळते ते एवढेच, की इतकी आवर्तने गप्प बसायचे आणि मग इथून धरायचे. त्यामुळे पार्ट लिहिणाऱ्याची चूक तालमीपर्यंत लपून राहते आणि बाहेर येते तेव्हा सगळ्यांना थांबावे लागते.

रचनाकाराने मागितलेली सगळी वाद्ये हाताशी असणे ही चैन फार थोड्यांना परवडते. शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवाले भरपूर आणि व्हियोला एकही नाही, चर्चच्या गटात बासूनच्या जागी टेनर सॅक्सोफोन, गावच्या बँडात फ्रेंच हॉर्न तर कोणी पाहिलेलाही नाही. अशा वेळी एका वाद्याचा पार्ट दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. ‘पट्टी बदलली की झाले’ अशी समजूत चांगल्या वाजवणाऱ्यांतही आढळते. पट्टी बदलणे हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. या स्वराचे रचनेत काम काय, आणि हजर असलेल्यांपैकी ते कोण निभावून नेईल, हे ठरवण्यात खरा कस लागतो. पुढची सगळी प्रकरणे फिरून फिरून तिथेच येतात.

तरीही सुरुवात पट्टीपासून करणे भाग आहे, कारण नवख्याची गाडी तिथेच अडते. मराठी वाचकाला इथे थोडा फायदा आहे. ‘काळी एक धरा’, ‘पांढरी चार द्या’ अशा भाषेत ज्याचे संगीत वाढले, त्याला ‘सा’ सरकतो हे नव्याने शिकवावे लागत नाही. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, हॉर्न ही वाद्ये हीच गोष्ट कागदावर करतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाला कागदावरचा सी वाजवतो, तेव्हा ऐकू येते काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनचा सी म्हणजे काळी दोन आणि हॉर्नचा सी म्हणजे पांढरी चार. म्हणून पियानोवर सी ऐकू यायला हवा असेल, तर क्लॅरिनेटच्या कागदावर डी लिहायचा, आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए आणि हॉर्नच्या कागदावर जी.

हा खटाटोप कशासाठी? सॅक्सोफोन लहानमोठ्या आकारांत येतो. नळीची लांबी बदलली की उंची बदलते, पण बोटे तीच राहतात. स्वर बोटांच्या हिशोबाने लिहिला, की आल्टो वाजवणारा माणूस गरज पडताच टेनर उचलतो आणि काही नवे न शिकता त्याचा पार्ट वाचू लागतो. हिशोबाचा ताप वाजवणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा. इंग्लंडच्या ब्रास बँडांनी हे तत्त्व पार टोकाला नेले. तिथे कॉर्नेटपासून अगडबंब बेस ट्यूबापर्यंत जवळजवळ प्रत्येकाचा पार्ट एकाच ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात. अपवाद एका बेस ट्रॉम्बोनचा. कॉर्नेटवर शिकलेल्या माणसाला बँडमास्टरने उद्या ट्यूबा दिला, तरी कागद ओळखीचाच.

आता एक उदाहरण जरा जवळून. गायकाची पट्टी काळी एक आणि चाल सगळ्या शुद्ध स्वरांची. पाश्चात्त्य हिशोबाने ही डी फ्लॅट मेजर, म्हणजे पाच फ्लॅट. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला एक स्वर वर लिहायचे, म्हणजे ई फ्लॅट, तीनच फ्लॅट. आल्टो सॅक्सोफोनला बी फ्लॅट, अवघे दोन. फुंकणारी मंडळी खूश. पंचाईत होते ती व्हायोलिनची. तिच्या मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांच्या, आणि डी फ्लॅटच्या सप्तकात यांतला एकही स्वर नाही. प्रत्येक स्वर दाबूनच काढायचा. मोकळ्या तारांची साथ नाही, म्हणून आवाजातली झळाळी गेली. पार्ट लिहिणारा अरेंजर म्हणतो, अर्धा स्वर चढवू, पांढरी दोन करू. लगेच चारही मोकळ्या तारा सप्तकात येतात आणि व्हायोलिन खुलते. पण आता ट्रम्पेटच्या कागदावर चार शार्प उगवतात आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर पाच. क्लॅरिनेटवाल्याजवळ ए क्लॅरिनेट असेल तर तो सुटतो, त्याला एकच फ्लॅट लागतो. सिंफनी वाद्यवृंदातले क्लॅरिनेटवादक दोन-दोन वाद्ये जवळ ठेवतात ती याचसाठी. आणि गायकाला तो अर्धा स्वर झेपत नसेल, तर ही सगळी चर्चा फुकट! मुंबईच्या स्टुडिओत पट्टी ठरायची ती गाणाऱ्याच्या गळ्यावरून; बाकीच्यांनी आपापल्या शार्प-फ्लॅटचे बघून घ्यायचे.

पट्टीच्या पुढचा अडथळा वाद्याच्या तळाचा. व्हियोलाचा सर्वात खालचा स्वर व्हायोलिनच्या तळापेक्षा एका पंचमाने खाली. त्यामुळे व्हियोला नसलेल्या शाळांसाठी प्रकाशक ‘तिसरी व्हायोलिन’ असा पार्ट छापतात, तेव्हा त्या खोल जागा सप्तकभर वर घ्याव्या लागतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण आतला स्वर वर उचलला, की तो वरच्या चालीच्या अंगावर येऊन बसतो, कधी तिच्याही वर जातो, आणि ऐकणाऱ्याला तोच चाल वाटू लागतो. त्यापेक्षा तो पार्ट बी फ्लॅट क्लॅरिनेटला दिला तर खालचे दोनच अर्धस्वर कमी पडतात. मात्र मग तारांच्या घोळक्यात एक फुंकीचा आवाज वेगळा ओळखू येतो. अशा वेळी काहीतरी हातचे सोडावेच लागते. काय सोडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

तळ पुरला म्हणून काम संपत नाही. बासरीवर खालचे सप्तक वाजते, पण क्षीण. व्हायोलिनच्या जाड तारेवरची दमदार चाल त्याच उंचीवर बासरीला दिली, तर ती कोणाच्या कानापर्यंत पोहोचत नाही, शिवाय बासरी मध्य सीच्या खाली सहसा जात नाही ते वेगळेच. क्लॅरिनेटचे उलट. त्याचे खालचे स्वर गडद आणि भरदार, वरचे खणखणीत, पण मधल्या सांध्यावर काही स्वर फिके निघतात आणि तो सांधा ओलांडताना बरीचशी बोटे एकदम ठेवावी लागतात. पियानोवर लीलया निघणारी तान नेमकी या सांध्यावर घुटमळत असेल, तर सराईत वादकही मनातल्या मनात लिहिणाऱ्याचा उद्धार करतो.

बाखने हा सगळा हिशोब स्वतःच्याच रचनांवर केला. त्याच्या ई मेजरमधल्या व्हायोलिन कन्चेर्तोची हार्पसिकॉर्डसाठीची आवृत्ती डी मेजरमध्ये आहे. व्हायोलिन जिथवर चढते तो वरचा ई हार्पसिकॉर्डवर मिळत नव्हता. डी मिळत होता. म्हणून अख्खी रचना एका स्वराने खाली. पण बाख तिथे थांबत नाही. व्हायोलिनवर मोकळी तार आणि दाबलेली तार आळीपाळीने घासून जो झगमगाट होतो, तो कळा दाबून होत नाही. तिथे त्याने बोटांना साजेशी नवी नक्षी काढली आणि व्हायोलिनवादकाला कधी नसलेला डावा हात इथे कामाला लावला. विवाल्दीच्या चार व्हायोलिनांच्या कन्चेर्तोचे त्याने चार हार्पसिकॉर्डांसाठी केलेले रूप तर मूळ रचनेच्या बरोबरीने वाजवले जाते.

ब्राम्सचे उदाहरण आणखी बोलके आहे. १८९४ साली त्याने क्लॅरिनेट आणि पियानोसाठी दोन सोनाटा लिहिले आणि पुढच्या वर्षी ते छापताना व्हियोलासाठीही पार्ट दिला. काही जागा सप्तकाने खाली आणल्या, कुठे दोन तारांवर जोडस्वर घातले. आज जगभरचे व्हियोलावादक हे सोनाटा आपलेच मानतात. व्हायोलिनसाठी आवृत्ती करताना मात्र ब्राम्सला पियानोच्या पार्टलाही हात लावावा लागला. व्हायोलिनला खालचे स्वर नाहीत, चाल वर गेली, की खालची साथ होती तशी चालत नाही. एका वाद्याचा पार्ट बदलताना शेजाऱ्याचाही बदलावा लागतो, ही गोष्ट नवख्यांच्या सर्वात उशिरा लक्षात येते.

मुसोर्ग्स्कीने १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिलेली ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही चित्रमालिका राव्हेलने १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी मांडली. जुन्या किल्ल्याच्या चित्रातली चाल त्याने आल्टो सॅक्सोफोनला दिली. सिंफनी वाद्यवृंदात हे वाद्य तेव्हाही पाहुणे होते आणि आजही पाहुणेच आहे. बैलगाडीच्या चित्रात ट्यूबा गातो. पण राव्हेलच्या मनातला ट्यूबा फ्रेंच, आकाराने लहान आणि वरच्या स्वरांत रमणारा. आजच्या थोराड ट्यूबावर ती चाल गळ्याशी येते, म्हणून बरेच वादक तेवढ्यापुरता युफोनियम हाती घेतात. पुण्या-मुंबईच्या लग्नाच्या बँडात मिरवतो तोच हा युफोनियम. या बैलगाडीची दुसरी गोष्ट अशी, की मुसोर्ग्स्कीने ती सुरुवातीपासून दणक्यात लिहिली होती. त्याच्या पश्चात रिम्स्की-कोर्साकोव्हने प्रत छापायला दिली, तेव्हा गाडी लांबून येते आहे असे वाटावे म्हणून सुरुवात हळू केली. राव्हेलपुढे ही छापील प्रत होती. त्यामुळे त्याची गाडीही लांबूनच येते. पार्ट बदलायला बसण्याआधी हातातली प्रत कोणाची आहे हे तपासावे, हा सल्ला पुस्तकात एकदा नव्हे, अनेकदा येईल. तो कंटाळवाणा वाटला तरी सोडून देण्यासारखा नाही.

या कामामागे नेहमी कलेचीच ओढ असते असेही नाही. जुलै १७८२ मध्ये मोझार्टचा नवा ऑपेरा व्हिएन्नात रंगमंचावर आला आणि चारच दिवसांनी त्याने वडिलांना पत्रात कळवले, की येत्या आठवड्यात आपल्याला हा सगळा ऑपेरा फुंकवाद्यांसाठी लिहून काढायचा आहे, नाहीतर दुसराच कोणीतरी ते करून पैसे घेऊन जाईल. त्याच वर्षी सम्राट जोसेफ दुसरा याने दरबारात दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बासून असा आठ जणांचा ताफा उभा केला होता. सरदार-दरकदारांनी त्याचे अनुकरण केले आणि गाजलेल्या ऑपेरांच्या अशा आवृत्त्यांना बाजार मिळाला. काम सोपे नव्हते. त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते, ते आले एकोणिसाव्या शतकात. नळीच्या नैसर्गिक स्वरांखेरीज बाकीचे स्वर हाताने घंटेचे तोंड दाबून कसेबसे काढायचे. त्यामुळे तारांच्या जागी फुंक आणताना पट्टी निवडायची ती हॉर्न सुखाने वाजेल अशी. फुंकवाद्यांना शोभेल आणि तरी परिणाम उणा होणार नाही असे लिहिणे किती अवघड आहे, याची तक्रार मोझार्टने त्याच पत्रात केली आहे. मोझार्टला अवघड, तर बाकीच्यांनी लाज वाटून घ्यायचे कारण नाही.

व्हिएन्नातच सव्वाशेहून अधिक वर्षांनी उलटी गरज पडली. पहिले महायुद्ध संपता संपता, १९१८ मध्ये, शोनबर्गने नव्या संगीताच्या खासगी मैफलींसाठी एक मंडळ काढले. टाळ्या वाजवायच्या नाहीत, समीक्षकांना प्रवेश नाही, असे त्याचे कडक नियम. मोठा वाद्यवृंद परवडणारा नव्हता. म्हणून मंडळातल्या लोकांनी मोठमोठ्या रचना दहा-बारा जणांत बसवल्या. एर्विन श्टाइनने १९२१ मध्ये केलेले माहलरच्या चौथ्या सिंफनीचे रूप आजही वाजते. त्यात बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि मोजकी तंतुवाद्ये आहेत, आणि गेलेल्या हॉर्न-बासूनांची पोकळी भरून काढायला पियानोच्या जोडीला चक्क हार्मोनियम आहे! पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो, हार्मोनियमचा भात्यात हवा आहे तोवर टिकतो, कमी-जास्तही करता येतो. फुंकवाद्यांनी धरून ठेवायचे लांब स्वर म्हणूनच तिच्या वाट्याला आले. मराठी संगीत नाटकात रंगमंचापुढच्या ऑर्गनने गायकनटाचा स्वर असाच धरून ठेवला. एका जातीच्या वाद्याला दोन दूरच्या गावांत थोडेबहुत सारखे काम मिळाले, हे वाचताना मौज वाटते.

मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि पुढे अमेरिकेत राहिलेला पर्सी ग्रेंजर हाही हार्मोनियमचा मोठा चाहता. १९३० च्या आसपास त्याने ‘लवचीक’ मांडणीचा पुरस्कार केला. अमुकच वाद्ये हवीत असा हट्ट न धरता, तीन-चार वादकांपासून भल्या मोठ्या वाद्यवृंदापर्यंत कोणालाही वाजवता येईल अशी रचना आधीपासूनच लिहायची. पार्ट एकमेकांचे बदली म्हणून काम करतील आणि उरलेल्या फटी पियानो-हार्मोनियम बुजवतील. हौशी वादकांना ताटकळत ठेवू नये, असा त्याचा आग्रह होता. आज शाळांसाठी चार-पाच ओळींचे संगीत मिळते, त्यातली प्रत्येक ओळ वेगवेगळ्या वाद्यांसाठी वेगवेगळ्या पट्टीत छापलेली असते. त्यामागची युक्ती हीच. नाटक कंपन्या आणि हॉटेलांसाठीच्या छापील पार्टांत बारीक टायपात ‘क्यू’ देण्याची रीत तर त्याहून जुनी. ओबोवाला आला नाही, तर व्हायोलिनवाल्याने ते बारीक स्वर वाजवायचे. आला असेल तर गप्प बसायचे.

मुंबईच्या सिनेसंगीतात हे काम ज्या वेगाने झाले, त्याला तोड नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. त्या मुलांतले कितीतरी जण पोटापाण्यासाठी मुंबईला आले, हॉटेलांत जॅझ आणि स्टुडिओत गाणी वाजवू लागले. संगीतकार चाल पेटीवर ऐकवी; व्हायोलिनांनी काय वाजवायचे, ट्रम्पेट कुठे घुसायचा, चेलोने कोणता स्वर धरायचा हे कागदावर उतरवी तो अरेंजर. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना त्यांनी तंतुवाद्यांचा पदर जोडला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट भेटला आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा रंग उतरला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पुढे १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी हे नाव घातले. ते गाणे तोंडपाठ असलेल्या बहुतेकांना त्या नावाचा खराखुरा मास्तर होता, याचा पत्ताही नव्हता.

या स्टुडिओत दोन लिप्या शेजारी शेजारी बसत. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटवाल्यांपुढे स्टाफ नोटेशन. सतार, सरोद, बासरी वाजवणाऱ्यांपैकी बहुतेक ते वाचत नसत. त्यांचा तुकडा सरगममध्ये सांगायचा आणि त्यांनी आपापल्या वहीत उतरवून घ्यायचा. पोर्तुगीज वळणाच्या सोल्फेजमध्ये ‘दो’ जागचा हलत नाही, तो कायम सी. सरगममध्ये ‘सा’ गाणाऱ्याबरोबर सरकतो. एकच तान दोघांना सांगायची तर अरेंजरला डोक्यात दोन्ही हिशोब चालवावे लागत. बासरीवाला पट्टीप्रमाणे पिशवीतून दुसरी बासरी काढी आणि मोकळा होई. सतारीची जवारी आणि तारा मात्र ठरावीक उंचीवरच बोलतात. गाणे फार दूरच्या पट्टीत गेले, तर सतारियाला मध्यमाला किंवा पंचमाला सा मानून वाजवावे लागे, आणि तशी सूचना त्याच्या तुकड्यात आधीच करावी लागे. रेकॉर्डिंगच्या दिवशी संगीतकाराने इंटरल्यूड बदलला, तर हे सगळे तिथल्या तिथे पुन्हा लिहायचे. चित्रपटाच्या नामावलीत यांची नावे आलीच, तर ‘सहायक’ म्हणून.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगीतरचनेच्या कोणत्याही अरेंजमेंटला रूपांतर मानले आहे. मूळ रचना संरक्षित असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हे संरक्षण टिकते. पुस्तकातले सरावाचे धडे जुन्या रचनांवर बेतले आहेत, त्याचे कारण हे.

संगणकाने यातले निम्मे कष्ट वाचवले, हे मान्य करायलाच हवे. सिबेलियस, म्युझस्कोअर, डोरिको यांतल्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये स्कोअर भरला, की प्रत्येक वाद्याचा पार्ट योग्य पट्टीत आपोआप निघतो. फिनाले हा १९८८ पासूनचा जुना प्रोग्रॅम २०२४ मध्ये बंद झाला, तेव्हा त्यावर आयुष्यभराचे काम साठवलेल्यांची धावपळ उडाली. कागदावर लिहिणाऱ्यांना निदान ही भीती नव्हती. वाद्याच्या पल्ल्याबाहेरचा स्वर प्रोग्रॅम लाल करून दाखवतो. पण तो वर न्यायचा, दुसऱ्याला द्यायचा की गाळायचा, हे तो सांगत नाही. ओबोवाल्याने श्वास कुठे घ्यायचा, हेही त्याला कळत नाही. व्हायोलिनचे गज परतवणे ऐकणाऱ्याला जाणवू न देता होते. फुंकणाऱ्याला मात्र दम संपला की थांबावेच लागते, आणि त्याची जागा लिहिणाऱ्याने ठेवली नाही तर तो चालीच्या मधोमध, नको तिथे ती काढतो. पान उलटण्याचीही तीच गत. दोन्ही हात गुंतलेले असताना पार्टचे पान संपले, की पुढच्या दोन मात्रा गेल्याच म्हणून समजा.

जुन्या सिनेगीतांचे पार्ट फारसे कोणी जपून ठेवले नाहीत. गाणे ध्वनिमुद्रित झाले, कागदाचे काम संपले. त्यामुळे आज महाराष्ट्रात गावोगावी जे ऑर्केस्ट्रा ती गाणी वाजवतात, त्यांतला कोणीतरी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून ते पार्ट नव्याने लिहितो, आणि लिहितानाच बदलतो. मुळात डझनावारी व्हायोलिने होती. इथे एकच व्हायोलिनवाला आणि कीबोर्डवर तंतुवाद्यांचा आवाज. ॲकॉर्डियनचा तुकडा त्याच कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला, मॅन्डोलिनचा गिटारवाल्याला. कार्यक्रमाच्या दिवशी गायिकेचा घसा बसलेला असतो आणि ती म्हणते, आज काळी चारऐवजी काळी तीन घ्या. कीबोर्डवाला ट्रान्सपोझचे बटण दोनदा दाबून चहा प्यायला जातो. सॅक्सोफोनवाल्याला तसले बटण नसते. तो विंगेत स्टँडवरचा कागद काढतो आणि पडदा वर जायच्या आत पेन्सिलीने सगळा पार्ट एका स्वराने खाली लिहायला बसतो.